जुनी हायब्रिड एसयूव्ही घेताय? आधी छोटी बॅटरी बघा

दिवाळीला दहा-बारा दिवस कोल्हापूरला जाऊन तुम्ही बेंगळुरूला परत येता. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये धूळ खात उभी असलेली आलिशान एसयूव्ही काही केल्या उघडत नाही. खिशातल्या किल्लीला ती ओळखच देत नाही. कसेबसे दार उघडून बटण दाबले, तर डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकतात आणि विझतात. मग घरात चर्चा सुरू होते, "हायब्रिड आहे ना, मोठी बॅटरी गेली असणार. आता बसला लाखांचा फटका!"

बहुतेक वेळा फटका काही हजारांचाच असतो, कारण गेलेली असते ती छोटी, १२ व्होल्टची बॅटरी. जुन्या हायब्रिडबद्दल हीच गोष्ट आधी कळायला हवी. लोक मोठ्या बॅटरीला घाबरून गाडी घेत नाहीत किंवा घाईने विकून टाकतात. गाडीचे खरे नुकसान मात्र छोट्या बॅटरीकडे, पंख्याच्या जाळीकडे, कूलंटकडे आणि पावसाच्या पाण्याकडे झालेल्या दुर्लक्षाने होते.

बेंगळुरूत या गाड्या दिसण्याचे कारण आहे. टोयोटाचा कारखाना शहराजवळच बिडदीला आहे आणि २०१३ पासून तिथे कॅमरी हायब्रिडची जुळणी होऊ लागली. मार्च २०१७ मध्ये लेक्सस भारतात आली ती आरएक्स ४५०एच ही हायब्रिड एसयूव्ही घेऊनच. किंमत एक कोटीच्या वर. २०१८ मध्ये तिची धाकटी बहीण एनएक्स ३००एच आली. व्होल्वोची प्लग-इन हायब्रिड एक्ससी९० टी८ तर २०१६ पासून होती. पण जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मोठ्या हायब्रिडवर सेससह ४३ टक्के कर बसला आणि नव्या गाड्या फार विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे आज जुन्या बाजारात त्या मोजक्याच आहेत. भाव मोहात पाडणारा असतो, पण सुट्या भागांसाठी थांबावे लागते. जे. सी. रोडवर इनोव्हाचा एखादा भाग तासाभरात हाती पडेल, आरएक्सचा हेडलॅम्प मिळेलच असे नाही.

नाव एक, प्रकार तीन

जाहिरातीत 'हायब्रिड' लिहिले की सगळ्या गाड्या सारख्या होत नाहीत. लेक्ससच्या वरच्या दोन्ही गाड्या स्वतःच चार्ज होणाऱ्या आहेत. त्यांना भिंतीतल्या प्लगला जोडायचे नसते, ब्रेक लावताना आणि इंजिन चालताना बॅटरी भरते. टी८ ला मात्र घरी चार्जिंग लागते. ते न करता ती नुसती पेट्रोलवर चालवली, तर जड बॅटरीचे ओझे फुकट वाहायचे. आणि जर्मन कंपन्यांच्या अनेक गाड्यांत ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा असते. ती इंजिनाला थोडा हात देते, एवढेच. दलाल तिन्हींना एकच नाव देतो, म्हणून यातली कोणती, हे आधी विचारा. पुढचे बरेचसे पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

छोट्या बॅटरीचे काम

या गाड्यांत नेहमीचा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. मग १२ व्होल्टची बॅटरी कशाला? ती गाडीतले संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा रिले जोडते. ती झोपली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहते. शिवाय गाडी उभी असतानाही किल्लीचा शोध, अलार्म वगैरे तिच्यावरच चालू असते.

अशा वेळी घाबरू नका. किल्लीच्या रिमोटमध्येच एक साधी धातूची किल्ली लपलेली असते, तिने दार उघडते. काही मॉडेलांत ही बॅटरी डिकीत असते आणि वीज नसल्यामुळे डिकीही उघडत नाही. त्यासाठी बॉनेटखाली जोडणीचे वेगळे टर्मिनल दिलेले असते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावता येते, पण लाल-काळी उलटी लावलीत, तर हजारांचा खर्च खरोखरच लाखांवर जाईल. कोणती केबल कुठे लावायची, ते गाडीच्या पुस्तिकेत बघूनच करा. आणि शेजाऱ्याची गाडी बंद पडली, तर आपल्या हायब्रिडवरून ती सुरू करून द्यायला जाऊ नका. तिची छोटी बॅटरी त्या कामासाठी बनलेली नाही.

विश्रांतीनंतर ही बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर तिचे दिवस भरत आले समजा. तीन ते पाच वर्षांत ती बदलावी लागते. बदलताना त्याच जातीची घ्या. बॅटरी डिकीत असेल, तर बंद प्रकारची, वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच हवी. कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त बॅटरी तिथे बसवू नये.

गाडी आठवड्यातून एकदा तरी 'रेडी' करून अर्धा-पाऊण तास चालवा. रेडी हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते बटण दाबून गाणी ऐकत बसलात आणि रेडीचा दिवा लागलेला नसेल, तर तुम्ही छोटी बॅटरी संपवत आहात.

इथे घरातल्या सगळ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट. रेडी असलेली हायब्रिड अगदी शांत असते. इंजिन बंद असल्यामुळे गाडी बंद आहे असे वाटते, आपण किल्ली खिशात घालून लिफ्टकडे जातो. थोड्या वेळाने बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. बंदिस्त गॅरेजमध्ये हा धूर जीवघेणा ठरू शकतो. आत लहान मूल असेल आणि त्याने गिअर हलवण्याचा प्रयत्न केला, तर धोका वेगळाच. उतरण्यापूर्वी दिवा विझला का, ते बघायची सवय आजी-आजोबांपासून नव्याने गाडी शिकणाऱ्या मुलांपर्यंत सगळ्यांना लावा.

मोठी बॅटरी

आरएक्स ४५०एचची मोठी बॅटरी २८८ व्होल्टची आहे. आपल्या घरातल्या २३० व्होल्टपेक्षा जास्त आणि तीही डीसी. ती निकेल-मेटल हायड्राइड जातीची असते, मोबाइलमधल्या लिथियमसारखी नाही. मागच्या सीटखाली असते आणि गाडीतलीच हवा पंख्याने ओढून थंड राहते. तिचा शत्रू उष्णता. या बाबतीत बेंगळुरूची हवा तिला मानवते. एप्रिल २०१६ मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला होता, तेव्हा शहरभर त्याची चर्चा झाली. नागपूरला ते कोणी मनावरही घेतले नसते.

पण पंखा हवा ओढतो ती मागच्या सीटजवळच्या जाळीतून. तिथे चिवड्याचे कण, कुत्र्याचे केस, रस्त्याची धूळ जाऊन बसते. कोणीतरी दप्तर किंवा उशी टेकवून ठेवते. हवा अडली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. ही जाळी दर सर्व्हिसिंगला उघडून साफ करून घ्या. काम छोटे आहे, पण सांगितल्याशिवाय ते होतेच असे नाही. मागे बसल्यावर पंख्याचा आवाज अचानक मोठा येऊ लागला, तर पहिली शंका जाळीवर घ्या.

बॅटरी खरोखर थकली असेल तर ती आधी इशारे देते. स्क्रीनवरचे चार्जचे खाने झरझर भरतात आणि तसेच झरझर उतरतात. इंजिन पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालते, मायलेज पडते. शेवटी लाल त्रिकोण आणि हायब्रिड यंत्रणा तपासा असा संदेश येतो. तपासणीत पी०ए८० हा कोड निघाला, की 'पूर्ण बॅटरी बदला' असे सांगितले जाते. माझे मत असे की तेवढ्यावर होकार देऊ नये. बॅटरीतल्या प्रत्येक गटाचे व्होल्टेज गाडी चालती असताना वाचून मागा. डॉ. प्रियससारखी मोबाइल ॲप साध्या ब्लूटूथ ओबीडी उपकरणावर हे आकडे दाखवतात. एकच गट मागे पडतो की सगळेच, ते त्यातून कळते. पण एकच खराब मॉड्यूल बदलून गाडी विकायला काढण्याचाही धंदा चालतो. जुन्यांत एक नवे घातले की काही महिन्यांत दुसरे जाते. विकत घेताना कोड नुकतेच पुसलेले नाहीत ना, हे बघण्यासाठी अर्धा-एक तास गाडी चालवून मगच स्कॅन करा. टोयोटा आपल्या नव्या हायब्रिडच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देते. तुम्ही बघत असलेल्या गाडीच्या कागदांवर काय लिहिले आहे आणि त्यातले किती उरले आहे, ते लेखी विचारा.

मोठ्या बॅटरीला आणि नारंगी केबल्सना घरी हात लावायचा नाही. प्रशिक्षित मेकॅनिकही सर्व्हिस प्लग काढून, इन्सुलेटेड हातमोजे घालून, काही मिनिटे थांबूनच काम करतो. तुमचा मेकॅनिक तसे करत नसेल, तर गाडी परत घेऊन या.

गॅरेजमध्ये काय विचारायचे

इन्व्हर्टरला थंड ठेवणारे कूलंट इंजिनाच्या कूलंटपेक्षा वेगळे असते, त्याची टाकीही वेगळी. नेहमीच्या गॅरेजमध्ये ही दुसरी टाकी बघायची राहून जाते. तो छोटा पंप बंद पडला, तर घाटात किंवा उन्हात गाडी अचानक ताकद कमी करते. एसीचे तर विशेष आहे. या गाड्यांचा कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो, त्यात ठरावीक विद्युतरोधक तेलच लागते. गॅस भरताना साधे तेल गेले, तर इन्सुलेशन बिघडून गाडी बंद पडू शकते. म्हणून एसीवाल्याला आधीच विचारा, "हायब्रिडचे तेल आहे का?" त्याला प्रश्नच कळला नाही, तर उत्तर मिळालेच.

ब्रेक पॅड खूप टिकतात, कारण वेग कमी करण्याचे बरेच काम मोटर करते. पण कमी वापरामुळेच कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. पॅड शिल्लक असले तरी दर वर्षी ब्रेक खोलून साफ करून घ्या आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. उंदरांचे काय करायचे, हे बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्या कुटुंबाला वेगळे सांगायला नको. बॉनेट आठवड्याला एकदा उघडून बघा, बस.

चालवताना दोन सवयी उपयोगी पडतात. सिल्क बोर्डच्या गर्दीत गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बसू नका, त्या वेळी बॅटरी भरत नाही. डीमध्येच ठेवून ब्रेक दाबा. पुण्याला जाताना खंबाटकीसारख्या लांब उतारावर इंजिन ब्रेकिंग देणारा मोड वापरा, म्हणजे ब्रेकवर ताण येत नाही. पेट्रोल कधीच पूर्ण संपू देऊ नका. पेट्रोलशिवाय मोठी बॅटरीही उतरली, तर इंजिन सुरू करायला काहीच उरत नाही आणि ती बॅटरी घरी चार्ज करायची सोय नसते.

पाण्यात बुडालेली गाडी

सप्टेंबर २०२२ आठवतो? बेल्लंदूर, सर्जापूर रोड, आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला, आयटीतली माणसे ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेली आणि येमलूरच्या उच्चभ्रू वसाहतीत महागड्या गाड्या बुडालेल्या देशाने पाहिल्या. अशा गाड्या विम्याच्या लिलावातून बाहेर पडून, चकचकीत होऊन दुसऱ्या शहरात विकल्या जातात. हायब्रिडची बॅटरी सीटखाली असते, म्हणजे पाणी सीटपर्यंत आले की तीही गेली.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. कार्पेट उचला, सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ बघा. आत सुगंधाचा भडिमार असेल तर संशय घ्या. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास आणि विम्याचे दावे मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर भाव कितीही कमी असो, निघून या.

गाडीचा नंबर महाराष्ट्राचा असेल, तर आणखी एक हिशोब करा. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. २० लाखांवरच्या नव्या गाडीला हा दर १८ टक्के अधिक उपकर आहे, जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या परिवहन खात्याने परराज्यांतल्या आलिशान गाड्या जप्त केल्या, तर त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारीच्या मालकाला सुमारे १.४१ कोटी रुपये भरावे लागले. पुण्यातली गाडी स्वस्त पडते, असे म्हणण्याआधी हा आकडा बेरजेत धरा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी जुनी पावती जपून ठेवा.

आणि तुमचीच गाडी पाण्यात अडकली तर? बटण दाबून बघण्याचा मोह टाळा. गाडी बंद ठेवा, विमा कंपनीला फोन करा आणि चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवरूनच ती हलवा. चार चाकी ड्राइव्हच्या हायब्रिडमध्ये मागेही मोटर असते. चाके रस्त्यावर फिरत ओढली, की ती वीज तयार करू लागते आणि जे वाचले होते तेही जळते. क्रेनवाला "साहेब, काही होत नाही" म्हणेल, तरी सपाट ट्रक येईपर्यंत थांबा.