सूर भरले, पडदा रिकामा

सुभाष घईंचं दिग्दर्शन, ए. आर. रहमानचं संगीत, गुलजारांची गीतं! एवढी शिदोरी असूनही २००८ सालचा ‘युवराज’ कोसळला कसा? वडिलांच्या मृत्युपत्रावरून दुरावलेले तीन भाऊ आणि त्यांना सांधणारं संगीत, ही कल्पना चांगलीच होती. पण पटकथेत त्यांचं वैर संवादांपुरतंच राहिलं. भांडण मनाला भिडलं नाही, तर समेटाचं गाणं भिडणार कसं? सलमान-कतरिना देखणे दिसतात, व्याकूळ होत नाहीत. याच घई-रहमान जोडीच्या १९९९ च्या ‘ताल’मध्ये लोकगायकाच्या चाली शहरी संगीतकार उचलतो, तिथं गोष्टच गाण्यांची होती. इथं गाणी वरून चिकटवलेली वाटतात. ती घरी जरूर ऐकावीत. तीन तास पडद्यासमोर बसण्याचा आग्रह मात्र कोणाला करवत नाही.