दुसरी पसंती विचारायची राहिली

अलिबागहून नागाव ओलांडून चौलमध्ये शिरले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. ७ मे २०२४ रोजी इथल्या मतदाराने लोकसभेसाठी बटण दाबले. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. २६ जूनला कोकण पदवीधर मतदारसंघाचे मतदान झाले. तिथे नाव नोंदवलेल्या पदवीधराला आयोगाने जांभळ्या शाईचे पेन दिले आणि त्याने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे घातले. अवघ्या पन्नास दिवसांत एकाच गावाला दोन तऱ्हांनी कौल विचारला गेला. आधी विचारले, ‘कोण हवा?’ नंतर विचारले, ‘तो येत नसेल, तर कोण चालेल?’

या दुसऱ्या प्रश्नाचे मोल रायगडाइतके कुणाला कळावे? २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांच्यापेक्षा फक्त २,११० मतांनी पुढे राहिले. गीते यांना मिळालेली मते होती सुमारे ४० टक्के. सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली, म्हणजे विजयाच्या फरकाच्या चौपटीहून जास्त. नामसाधर्म्याच्या गोंधळावर निवडणूक आयोगाने २०१५ मध्ये उपाय केला. यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचे छायाचित्र आले.

मोठा प्रश्न मात्र छायाचित्राने सुटणारा नव्हता. त्या लढतीत शेकापच्या रमेश कदमांना सव्वा लाखाहून अधिक मते होती. चरीच्या शेतकरी संपापासून लाल बावट्याशी नाते सांगणाऱ्या या पट्ट्यात ही मते वाऱ्यावरची नव्हेत. गीते की तटकरे, हे त्या मतदारांना विचारले असते तर निकाल कदाचित तोच लागला असता, कदाचित फिरला असता. पण तो त्यांच्या तोंडून लागला असता. २०१९ मध्ये शेकापने तटकरे यांना पाठिंबा दिला आणि ते ३१,४३८ मतांनी निवडून आले. आपल्या पद्धतीत दुसरी पसंती असतेच, फक्त ती मतदाराऐवजी नेते ठरवतात, तीही मतदानाच्या आधी, जागावाटपाच्या बैठकीत.

‘सर्वाधिक मते तो विजयी’ या पद्धतीचे गुण थोडके नाहीत. मत देणे सोपे, मोजणे सोपे, निकाल बहुधा त्याच दिवशी. मतदारसंघाला एकच खासदार, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हे पक्के. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारताना दोन कारणे दिली: अशा पद्धतीला व्यापक साक्षरता लागते, आणि देशाला स्थिर सरकार हवे. १९५१ मध्ये साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावावे लागले. त्या काळी तो निर्णय शहाणपणाचाच होता.

आज रायगड जिल्ह्याची साक्षरता ८० टक्क्यांहून अधिक आहे. पसंतीक्रम ठेवला तरी मतदारसंघ एकाच प्रतिनिधीचा राहू शकतो. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजायची. पदवीधर मतदारसंघात हेच होते. त्रुटी याही पद्धतीत आहेत. आकडा चुकला की मत बाद होते, मोजणी लांबते. मते आणि जागा यांतली तफावतही तिने मिटेलच असे नाही; सध्याच्या पद्धतीत २०१४ मध्ये भाजपला देशभरात ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या होत्या. तरीही निवडून आलेल्याला अखेरच्या फेरीत उरलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिकांचा आधार असतो, आणि लहान पक्षाला मत देणाऱ्याला ‘मत फुकट जाईल’ ही धास्ती उरत नाही.

चौलच्या एखाद्या घरात दोन भाऊ असतात. एक पदवी घेऊन नोकरीला लागतो, दुसरा बारावीनंतर वाडी सांभाळतो. कुठल्या पोफळीची सुपारी आधी उतरवायची आणि कुठली मागाहून, हे धाकटा रोज ठरवतो. पसंतीचा क्रम लावणे त्याला शिकवावे लागत नाही. जांभळ्या शाईचे पेन मात्र फक्त थोरल्याच्या हाती येते. १९४९ मध्ये आड आलेली अडचण धाकट्याने कधीच ओलांडली आहे. ते पेन त्याच्याही हाती यायला हवे.