तंजावूरच्या मुदपाकखान्यापासून जपानी पांढऱ्या रश्शापर्यंत

तंजावूर येथील राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ जतन करण्यात आला आहे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या मुदपाकखान्यातील पाककृती त्यात नोंदविलेल्या असून त्यांत सामिष आणि इंग्रजी धर्तीच्या पदार्थांचाही समावेश आहे. परदेशी पदार्थ मराठीत लिहून घेण्याची ही प्रथा पाहता, आज जगभर पोचलेल्या जपानी ‘तोन्कोत्सु’ रश्शाची कृती मराठीत मांडण्यास हरकत नसावी.

‘तोन’ म्हणजे डुक्कर आणि ‘कोत्सु’ म्हणजे हाड. रामेन या शेवयांसाठी केला जाणारा हा रस्सा मूळचा जपानच्या क्यूशू बेटावरील कुरुमे गावचा. तेथील एका हातगाडीवर १९३७ मध्ये तो प्रथम मिळू लागला. पुढे १९४७ मध्ये दुसऱ्या एका दुकानात भांडे नजरचुकीने फार वेळ उकळत राहिले आणि रस्सा दुधासारखा पांढरा झाला, असे सांगितले जाते.

या पांढरेपणाचे मर्म आचेत आहे. कोल्हापुरी पांढऱ्या रश्शाला रंग येतो तो नारळाच्या दुधामुळे आणि खसखस, तीळ, काजूच्या वाटणामुळे. तोन्कोत्सुत यांपैकी काहीच नसते. आयुर्वेदाची शिकवणही येथे उपयोगी पडत नाही. शार्ङ्गधर संहितेत काढ्यासाठी सोळा पट पाणी घेऊन ते मंदाग्नीवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटविण्यास सांगितले आहे. मंद आचेवर द्रव नितळ राहतो व चरबी वर तरंगते. तोन्कोत्सुला मात्र खळखळती उकळी लागते. सांधे, कातडी व हाडे यांतील कोलॅजेन दीर्घकाळ शिजल्यावर त्याचे जिलेटिन बनते. उकळीच्या घुसळणीने चरबीचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. दूध पांढरे दिसते तेही अशाच विखुरलेल्या सूक्ष्म कणांमुळे.

घरी करताना डुकराचे पाय व मांडीची फोडलेली हाडे मिळून दोन किलो घ्यावीत. ती रात्रभर थंड पाण्यात, शक्यतो फ्रिजमध्ये, भिजत ठेवावीत. सकाळी नव्या पाण्यात १५ मिनिटे उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि हाडांवरील साकळलेले रक्त व काळसर भाग घासून काढावा. याचा कंटाळा केल्यास रस्सा करडा होतो व त्याला उग्र वास येतो. मग सहा लिटर ताजे पाणी घालून झाकण ठेवावे व आठ ते बारा तास जोरात उकळावे. हाडे उघडी पडू लागताच गरम पाण्याची भर घालावी. शेवटच्या दोन-तीन तासांत कांदा, आले व लसूण घालता येतो.

इतका गॅस जाळणे अनेकांना परवडणार नाही. त्यांनी मोठ्या प्रेशर कुकरमध्ये नेमाने पाणी घालून हाडे दोन-अडीच तास शिजवावीत. बंद कुकरमध्ये जिलेटिन लवकर सुटते, परंतु घुसळण फारशी होत नाही. म्हणून वाफ पूर्ण जिरल्यावर झाकण काढून तासभर मोठ्या आचेवर उकळणे आवश्यक ठरते. डुकराचे मांस वर्ज्य असल्यास बकऱ्याच्या पायांवरही हीच क्रिया करता येते. चव अर्थातच निराळी येते.

रश्शात मीठ घालत नाहीत. ‘तारे’ नावाचे खारट मिश्रण, बहुधा सोया सॉसचे, आधी वाडग्यात घेऊन त्यावर गाळलेला रस्सा ओततात.

उरलेला रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तंजावूरसारख्या उष्ण हवेत तर मुळीच नाही. पातेले थंड पाण्यात ठेवून तो लवकर निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा व तीन-चार दिवसांत संपवावा. फ्रिजमधून काढल्यावर तो खरवसासारखा थरथरला, तर जिलेटिन पुरेसे उतरले आहे असे समजावे.