लाडू बोराएवढा

तिळगुळाचा लाडू केवढा वळायचा, हे गल्लीतली पोरं मोजून ठरवावं लागतं. शिरूरच्या जुन्या गावात घराला घर लागून आहे. एका ओट्यावरचं बोलणं तिसऱ्या ओट्यावर ऐकू येतं. संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत आपल्या दारात किती डब्या उघडतील, याचा अंदाज इथल्या बायकांना पक्का असतो. मोठा लाडू लहान पोराच्या तोंडात मावत नाही आणि परातही लवकर रिकामी होते. म्हणून बोराएवढा.

तीळ आधीच निवडून, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून ठेवलेले असतात. गूळ चिक्कीचाच लागतो. साध्या गुळाचा लाडू मऊ पडतो. पाक आला की नाही हे बघायला आमची मावशी एक थेंब वाटीतल्या गार पाण्यात सोडते, बोटांनी त्याची गोळी करते आणि ताटलीवर टाकते. गोळी टण्ण वाजली की गॅस बंद. मग तीळ, दाण्याचं कूट, सुक्या खोबऱ्याचा कीस, वेलची, जायफळ. यापुढे हातात फार थोडा वेळ असतो. मिश्रण निवलं की वळता येत नाही, पुन्हा तव्यावर धरावं लागतं. म्हणून शेजारच्या दोघी-तिघी तळव्याला तूप लावून आधीच परातीभोवती बसलेल्या असतात. चटके बसतात, पण हात थांबत नाहीत आणि गप्पाही. एकटीने करायचं हे काम नव्हेच.

गूळ भीमेकाठचा. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू या पट्ट्यात हिवाळाभर गुऱ्हाळांची चुलवाणं धगधगत असतात. चिपाडांच्या आगीवर काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढून टाकतात. काहील कधी उतरवायची, हे गुळव्या रसाचा थेंब पाण्यात टाकूनच ठरवतो. गुळव्याची आणि मावशीची परीक्षा एकच आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

चारनंतर पोरं यायला लागतात. आधी येतात ती सगळ्यात लहान, थोरल्या बहिणीचं बोट धरून, हातात स्टीलची नाहीतर प्लास्टिकची डबी. डबीत चार दाणे हलवा, दोन लाडू. घरून शिकवून पाठवलेलं वाक्य दारात आल्यावर घशात अडकतं. मावशी घाई करत नाही. "कुणाची गं तू?" असं विचारते, तिला माहीत असतं तरी विचारते. मग पोरगी बापाचं नाव सांगते, धीर येतो, आणि "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" एका दमात बाहेर पडतं. आधी ती देते. मावशी तिच्या डबीतला एक दाणा उचलते, तोंडात टाकते, आणि मगच परातीतला लाडू तिच्या हातावर ठेवते. हा क्रम मावशी कधी मोडत नाही. तीन वर्षांचं पोर असलं तरी त्याच्या हातचं आधी घ्यायचं.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या रात्री मुलं अशीच दारोदार फिरतात. तिथली मराठी घरंही त्या रात्री गोळ्या-चॉकलेटांचं टोपलं भरून दार उघडतात. मात्र तिथे पालकांना सांगतात, की कारखान्यात बांधलेलं वेष्टन असेल तेच मुलांना खाऊ द्या. घरी केलेला खाऊ अनोळखी दारातून घ्यायचा नाही. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, धास्तीही समजण्यासारखी. पण शिरूरच्या उंबऱ्यावर उघड्या हाताने दिलेला उघडा लाडू पोरं तिथेच उभ्या उभ्या खातात, ते पाहिलं की शेजार किती जवळचा आहे, हे मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. अलीकडे काही घरांत चिक्कीची बंद पाकिटं वाटतात. त्यांची अडचण मी जाणतो, नोकरी करून लाडू वळायला वेळ कुठून आणायचा? तरीही मला ते पाकीट दारात परकं वाटतं.

तिळगूळ काय, नवं पीक काय, आपण खाण्याआधी दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं, ही इथली जुनी खोड आहे. शिरूर म्हणजे घोडनदी, एकेकाळची इंग्रजांची छावणी. १८०९ साली इथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला सुगीचं पहिलं धान्य लोक नैवेद्य म्हणून आणत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परका, तोही मेलेला साहेब, त्यालाही वाटा.

पाचपर्यंत डब्यांमध्ये मजेशीर सरमिसळ झालेली असते. मुलांनी घेतलेला लाडू पुढच्या घरी दिला जातो, तिथला हलवा त्याच्या पुढच्या घरी. समोरच्या वहिनींच्या लाडवात बडीशेप असते. तो लाडू तासाभराने भलत्याच पोराच्या डबीतून मावशीच्या हातावर येतो आणि ती बघताक्षणी ओळखते. "हा तर वहिनींचा!" वहिनी समोरून हसतात.

एका दाराशी मात्र पोरांचा आवाज खाली येतो. त्या घरात कुणी गेल्याला अजून वर्ष झालेलं नसतं, म्हणून यंदा तिथे तिळगूळ केलेला नाही. ते दार टाळायचं नाही, असं मावशी थोरल्या पोरींना बजावते. तिथे जायचं, द्यायचं, आजींच्या पाया पडायचं, परत काही मागायचं नाही. पोरी तसंच करतात. माझ्या मते या संध्याकाळचं सगळ्यात अवघड काम तेच, आणि ते करतात दहा-बारा वर्षांच्या मुली.

दौंडला रीत हीच, पण गल्लीचा पोत निराळा. मनमाडकडे जाणारा रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून हे जंक्शनचं गाव. रेल्वेच्या चाळी आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या लाइनी यांत कुठकुठच्या जिल्ह्यांतली, प्रांतांतली बिऱ्हाडं येतात आणि बदली झाली की जातात. इथे कुणाचं पोर कोण, हे पिढ्यांच्या ओळखीवर चालत नाही. दरवर्षी नव्याने शिकावं लागतं. हिंदी बोलणाऱ्या घरातलं पोर मराठी वाक्य त्याच्या चालीत म्हणतं, त्याची आई रेवडी देते आणि इथल्या लाडवाची कृती विचारून घेते. पाक कधी टण्ण वाजतो, ते दाखवायला कुणीतरी तिच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहते.

दिवेलागणीला बायका सुगडं पुजून, ववसा घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यासाठी वेगळं ताट. आणखी उशिरा रांजणगावच्या कारखान्यांतून पाळी संपवून पुरुष परततात. त्यांच्यासाठी मावशी डब्याच्या तळाला आठ-दहा लाडू राखून ठेवते, कारण तोवर परातीत नुसता भुगा उरतो. तो भुगा ती फेकत नाही. दुसऱ्या दिवशी किंक्रांतीला त्यात थोडा गूळ घालून पुन्हा वळते, कारण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालायचं असतं.