जिताडा, बेडूक आणि चिठ्ठीवाला पाहुणा

अलिबागजवळच्या चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून रेवदंड्याच्या पुलावर गेलात, की खाली कुंडलिका नदी समुद्राला मिळताना दिसते. तिथलं पाणी धड गोडं नाही, धड खारं नाही. जिताड्याला नेमकं असंच पाणी आवडतं. पाठ करडी, पोट चंदेरी, तोंड हे एवढं मोठं, आणि रात्री बॅटरीचा झोत टाकला तर डोळे लालसर चमकतात. गोव्यात हाच मासा चोणक म्हणून ताटात येतो. आणखी एक गंमत: बहुतेक जिताडे लहानपणी नर असतात आणि काही वर्षांनी त्यांच्यातले कितीतरी चक्क माद्या होतात! पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी. आज जिताड्याच्या आत शिरायचंय, अगदी त्याच्या पेशीत.

अलिबागच्या वरच्या अंगाला खारेपाट आहे. तिथे शहापूर-धेरंडच्या बाजूला घराजवळच्या तळ्यात जिताडे पाळायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीत सापडलेली पिल्लं तळ्यात सोडायची आणि ती मोठी व्हायची वाट बघायची. पुढे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली हॅचरीतच जिताड्याची पिल्लं तयार करून दाखवली. भारतात हे पहिल्यांदाच घडत होतं. पण हॅचरीत एक नको असलेला पाहुणाही आला. दोन-तीन आठवड्यांची, नखाएवढीसुद्धा नसलेली पिल्लं खाणं सोडायची, काळपट पडायची, पाण्यात गरगर फिरायची आणि पटापट मरायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यांच्या मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात बारीक बारीक पोकळ्या! हे काम नोडाव्हायरस नावाच्या विषाणूचं. आपल्या देशातल्या जिताड्याच्या पिल्लांमध्ये तो असल्याची पहिली नोंद २००५ साली छापून आली.

हा विषाणू केवढा असेल? पंचवीस-तीस नॅनोमीटर. तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे तीस-चाळीस हजार विषाणू ओळीने बसतील. त्याच्याकडे सामान काय, तर जेमतेम साडेचार हजार अक्षरांचा आरएनए आणि त्यावरून बनणारी तीन-चार प्रथिनं. बस्स! ना स्वतःचं अन्न, ना ऊर्जा, ना प्रथिनं बनवायची सोय. लग्नघरात कुणी नुसती चिठ्ठी घेऊन यावं, तसा हा येतो. आचारी तुमचे, भांडी तुमची, शिधा तुमचा, आणि चिठ्ठीत लिहिलेलं असतं, ‘माझ्यासारखे हजारो बनवा.’

म्हणजे विषाणूचं सगळं काही पेशीतल्या प्रथिनांवर अवलंबून. ती भेटली तर त्याचं फावतं, नाहीतर तो नुसताच धुळीचा कण.

पण तो आत शिरतो कसा? तैवानमधल्या शास्त्रज्ञांनी हे शोधायला हेकरू माशाच्या परापासून काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी घेतल्या. २०१५ साली त्यांनी सांगितलं, की पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला हा विषाणू चिकटतो आणि मग आत जातो. ते प्रथिन पेशीत कमी केलं, तर विषाणूचा शिरकावही कमी होतो. त्या प्रथिनाचं नाव एचएससी ७०. आता हे प्रथिन काही चोरांसाठी बनलेलं नाही हो! त्याचं खरं काम फार चांगलं आहे. पेशीत नवं प्रथिन तयार झालं की त्याची नीट घडी बसवायची, कुठलं वाकडंतिकडं झालं तर सरळ करायचं. याच्या भावंडांचा शोधही मजेशीर आहे. इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. कुणीतरी उबवणीपेटीचं तापमान चुकून वाढवलं आणि माश्यांच्या गुणसूत्रांवर नेहमी नसणारे फुगवटे दिसले. उष्णतेने घाबरलेली पेशी बचावासाठी काही जनुकं जोरात कामाला लावत होती. रितोसांनी ते १९६२ साली छापलं. पुढे कळलं, त्या जनुकांतून उष्णतेत मोडू पाहणाऱ्या प्रथिनांना सावरणारी प्रथिनं बनतात. जे प्रथिन घर सावरतं, त्याच्याच हाताला धरून हा लबाड घरात शिरतो!

इथे तुमच्यातला एखादा चौकस नक्की विचारेल, ‘असलं प्रथिन आपल्या पेशींतही असतं ना? मग जिताडा खाल्ल्यावर आपण गरगर का फिरत नाही?’ शाब्बास! एक प्रथिन मिळून भागत नाही. माणसाच्या पेशीत या विषाणूला धड शिरता येत नाही, आणि शिरलाच तरी सदतीस अंशांच्या उबेत त्याचं काम नीट चालत नाही. त्यामुळे आजीच्या हातचं कालवण निर्धास्त ओरपा.

पेशी काही गप्प बसून बघत नाही. जिताड्याकडे एमएक्स नावाचं एक प्रथिन आहे. एरवी ते फारसं दिसत नाही. विषाणूची चाहूल लागली की पेशी इंटरफेरॉन नावाचा संदेश सोडते आणि मग एमएक्स भराभर बनू लागतं. ते करतं काय? नोडाव्हायरसच्या आरएनएच्या नकला काढणारं एक यंत्र असतं, तेही विषाणूचंच एक प्रथिन. एमएक्स नेमकं त्यालाच धरतं. नकला थांबल्या की विषाणूची वाढ थांबते. हेही तैवानच्याच प्रयोगशाळेतून २०१० साली कळलं, आणि प्रयोग होता खास जिताड्याच्या एमएक्सवर. मला विचाराल, तर जिताड्याच्या चवीपेक्षा हे जास्त भारी आहे. (हे खारेपाटात कुणाला सांगू नका.)

असले प्रयोग जिवंत मासे न मारता करायचे, तर पेशी हव्यात. तमिळनाडूत मेलविशारम या गावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिताड्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी बाटलीत वाढवल्या गेल्या. समुद्री माशाच्या पेशींचा असा वाढता वंश भारतात तोवर कुणी तयार केला नव्हता. आणि आता चेन्नईच्याच संस्थेने जिताड्यासाठी या रोगावरची लसही बनवली आहे.

विषाणूंच्या या खेळात बेडकांचं काय? जुलैत चौलच्या शेतात पाणी साचलं की बैलबेडूक पिवळेधमक होऊन गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवतात. बेडकांना छळणाऱ्या विषाणूंचा एक गट आहे, रानाव्हायरस. त्यातला प्रसिद्ध ‘फ्रॉग व्हायरस ३’ अमेरिकेत ॲलन ग्रॅनॉफ यांना १९६०च्या दशकात बिबट्या बेडकात सापडला. हा गडी थेट पेशीच्या केंद्रकात जातो आणि तिथलं, डीएनएवरून आरएनए उतरवणारं बेडकाचंच प्रथिन वापरून कामाला सुरुवात करतो. बेडकांकडे पीकेआर नावाचं प्रथिन असतं. परकं काही सापडलं की ते पेशीतल्या दुसऱ्या एका प्रथिनाला खूण करून सगळं प्रथिन-उत्पादनच बंद पाडतं. त्यावर बेडकांच्या शेपटीवाल्या भाऊबंदांना, म्हणजे सॅलमँडरना, होणाऱ्या रानाव्हायरसची शक्कल बघा: तो त्या दुसऱ्या प्रथिनाची हुबेहूब नक्कल बनवतो. पीकेआर त्या नकलेच्या मागे लागतं आणि खरं काम राहून जातं.

हा सॅलमँडरचा विषाणू अमेरिकेत गळाला लावायच्या आमिषाबरोबर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात गेला. म्हणून पावसाळ्यात बेडूकमासे बरणीत घेऊन पाहिलेत, पाय फुटताना बघितलेत, तर ते आणि बरणीतलं पाणी ज्या डबक्यातून आणलं त्याच डबक्यात परत सोडा. शेजारच्या नको.