खलनायक येण्याआधीच धडकी

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत. रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाटेपर्यंत. मंडपात अगदी मागे बसलेल्याला नटाचा चेहरा दिसून दिसणार किती? तरी खलनायकाची नजर काय जहरी होती, हे सकाळी तोच छातीठोकपणे सांगतो.

तो थापा मारत नसतो. ऑर्गनचा सूर बदलला, ऑक्टोपॅड कडाडला, तेव्हाच त्याच्या मेंदूने पुढच्या चेहऱ्याचा अंदाज बांधलेला असतो. मग डोळ्यांनी पुरवलेली अंधूक माहिती त्या अंदाजाशी ताडली जाते आणि उरलेल्या जागा मेंदू आपल्या पदरचं घालून भरतो.

अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला इथे फार बोलका वाटतो. त्यांनी निवडले चकित चेहरे. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. बातमी बरी की वाईट, काही कळू नये असे. प्रत्येक चेहऱ्याआधी एक वाक्य दाखवलं: हिचे ५०० डॉलर हरवले, किंवा हिला ५०० डॉलर सापडले. चेहऱ्यावरचं आश्चर्य दोन्हीकडे सारखंच. पण पैसे गेल्याचं वाचल्यावर अमिग्डला, म्हणजे धोका हेरण्यात पुढे असणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, अधिक जागा झालेला स्कॅनमध्ये दिसला. चेहऱ्यात नसलेली भीती एका वाक्याने आणली होती.

अंदाज चुकतो तेव्हाची गंमत वेगळी. अनपेक्षित चेहरा समोर आला की चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग जास्त राबतो, असं बऱ्याच प्रयोगांत आढळलं आहे. झाडीपट्टीत विनोदी नटाचा मान मोठा. विनोदी भूमिकांनी नाव कमावलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. असा नट नुसता विंगेतून डोकावला तरी हशा पिकतो. त्यानेच तिसऱ्या अंकात डोळे पुसले, तर ते रडणं एरवीपेक्षा खोल का जातं, याचं निदान अर्धं उत्तर इथे असावं.

शहरी समीक्षक या नाटकांना भडक म्हणतात. असतीलही. पण प्रेक्षकाला कुठे घाबरवायचं आणि कुठे चकवायचं, हे रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवाला नेमकं जाणतो. माझं विचाराल तर त्याची बिदागी खलनायकापेक्षा रुपयाभरही कमी नसावी.