निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा : हप्त्याआधी विचारायचे प्रश्न

अब्बांची नोकरी संपते, हारतुरे होतात आणि बहुतेक ठिकाणी त्याबरोबरच कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपतो. हे आपल्या घरांत लक्षात येते ते अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरल्यावर. मग घाईने खासगी पॉलिसी घेतली जाते आणि एकच प्रश्न विचारला जातो, हप्ता किती? आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा.

आधी प्रतीक्षा काळ विचारावा. मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार पॉलिसी घेतल्याबरोबर विम्यात येत नाहीत. पूर्वी त्यासाठी 4 वर्षांपर्यंत थांबावे लागे. एप्रिल 2024 पासून कमाल मर्यादा 3 वर्षांची झाली. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही बहुधा 2 वर्षे लागतात. म्हणून निवृत्तीपूर्वीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करावा. तो मंजूर झाला तर आधीची वर्षे हिशेबात धरली जातात.

काही एजंट सांगतात, "चाचा, शुगर लिहू नका." हे ऐकू नये. खोटे ते खोटेच. शिवाय दाव्याच्या वेळी जुने कागद निघाले की पैसे अडतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती खोलीच्या भाड्यात. समजा पॉलिसी 3 लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा रोज 1 टक्का, म्हणजे 3000 रुपये. आपण घेतली 6000 ची खोली. मग फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा धरला जाऊ शकतो. हा खर्च 1 लाख असेल तर 50,000 मंजूर. त्यावर ज्येष्ठांच्या पॉलिसीत 20 टक्के सहभागाची अट असली तर हाती 40,000. औषधे आणि बसवलेला सांधा यांना मात्र ही प्रमाणात कपात लागू होत नाही.

दर महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी फी हे साधारणपणे मिळत नाही. डायलिसिस, मोतीबिंदू यांसारख्या उपचारांना 24 तास दाखल राहण्याची अट नसते.

विमा जायज आहे का, यावर उलेमांत मतभेद आहेत. मनात शंका असेल तर पॉलिसीचा कागद दाखवूनच मुफ्तीसाहेबांना विचारावे.

वय 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, आणि जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळते. रुग्णालय योजनेत आहे का, एवढे मात्र दाखल होण्याआधी पाहावे.

नवी पॉलिसी हाती आली की 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बसवून ती पूर्ण वाचून घ्यावी. दावा नाकारला आणि कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही, तर पुणे व मुंबई येथील विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.